मागच्या बाजूचा इतिहास

आमच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला घर मी दाखवत नाही, पत्रूभाऊ दाखवतात. पाहुणा त्यांचा असो, माझा असो, की नुसताच रस्ता चुकून आलेला असो. मी दाढी करत असलो, जेवत असलो किंवा दुपारी बनियनवर आडवा झालो असलो, तरी दार ढकललं जातं आणि पत्रूभाऊ पाच-सहा माणसं घेऊन आत शिरतात. 'हा साहेबाचा हॉल. हे सागाचे खांब. एका झाडाचा एक खांब, कुठी जोड नाई. नोंद घ्या.' मंडळी खांबाकडे बघतात, वर छताकडे बघतात आणि मग साहजिकच माझ्याकडे बघतात. पत्रूभाऊ माझ्या दिशेनं हात हलवतात आणि म्हणतात, 'हे आताचे राहणारे.'

मालक म्हणत नाहीत. राहणारे म्हणतात. एकदा मी साबण लावलेल्या तोंडानंच धीर करून म्हणालो, 'पत्रूभाऊ, घर माझ्या नावावर आहे हो.' त्यांनी पाहुण्यांकडे वळून जरा दिलगिरीच्या सुरात सांगितलं, 'कागदावर ह्यायचंच नाव आहे.' आणि सगळे पुढच्या खोलीत गेले, जिथे माझ्या पायजम्याची नाडी ओवायची राहिली होती.

हे घर म्हणजे आलापल्लीच्या पुढे, जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या टोकाला असलेला एक सागवानी बंगला. इंग्रजांच्या काळात कुण्या जंगलसाहेबानं तो बांधला. पुढे तो एका लाकूड ठेकेदाराकडे गेला आणि त्याच्याकडून माझ्या वडिलांनी घेतला. वडील नागपूर सोडून इथे राहिले नाहीत. मीही नोकरीभर नागपुरातच होतो. निवृत्त झाल्यावर मात्र मी आणि सुमती इथे राहायला आलो, कारण मला जंगलाची फार ओढ आहे असा माझा समज होता. पहिल्याच पावसाळ्यात कळलं, की मला जंगलाची ओढ नागपुरात बसल्यावर वाटते. पण तोवर नागपूरचं घर मुलीला देऊन झालं होतं, आणि सुमती इथल्या बायांमध्ये अशी मिसळली होती की परत जायचा विषय काढायची माझी छाती झाली नाही.

पत्रूभाऊ आमचे शेजारी. आमच्या परसाला लागून त्यांचं बांबूचं कुंपण आणि कुंपणापलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर. त्यांचे वडील या बंगल्याचे चौकीदार होते. ते स्वतः अहेरीच्या बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचा गळा निवृत्त झालेला नाही. साधं 'आज ऊन आहे' हे वाक्यसुद्धा ते असं म्हणतात, की ऐकणाऱ्यानं पिशव्या उचलून फलाटाकडे धावावं. घरात एकटेच असतात. बायको आम्ही यायच्या आधीच वारली, दोन मुली लग्न होऊन लांब गेल्या, एक सिरोंचाकडे आणि एक चंद्रपूरला.

बंगल्याचा इतिहास पत्रूभाऊंइतका कोणालाच ठाऊक नाही, याचं कारण तो तेच तयार करतात. साहेबाचं नाव आठवड्यागणिक बदलतं. साहेबानं मारलेले वाघ पाहुण्यांची योग्यता बघून ठरतात. शाळेची पोरं आली की दोन-चार, एखादा अधिकारी आला की डझनभर. आमच्या गंजलेल्या कुलपाची किल्ली म्हणे राणीकडे होती. मी एकदा विचारलं, 'कुठली राणी?' ते म्हणाले, 'त्याच वेळची. नोंद घ्या.' मी घेतली.

आता हे घर सरकारी भाषेत ऐतिहासिक कसं झालं, तर त्याला कारण मीच. आम्ही इथे आलो त्याच वर्षी पत्रूभाऊंनी ग्रामसभेत विषय मांडला. हा बंगला म्हणजे गावाचा ठेवा आहे, गावाला विचारल्याशिवाय त्यात कोणी काही तोडू नये, जोडू नये. आमच्या गावात ग्रामसभेचा शब्द फार मोठा. तिथून हो आल्याशिवाय ग्रामपंचायत कागद पुढे सरकवत नाही. मला सभेत बोलावून शाल आणि नारळ दिला. शाल अंगावर पडली की माझ्या डोक्यात काहीतरी होतं. मी उठून बोललो, 'हे घर माझं नाही, गावाचं आहे. मी नुसता राहणारा.' टाळ्या झाल्या. पत्रूभाऊ टाळ्या वाजवत नव्हते. ते बहुधा वाक्य पाठ करून घेत होते.

पुढे फाटकाजवळ 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी लागली. मी तिच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आपल्याच हातानं आपल्या गळ्याला फास लावताना माणूस इतका प्रसन्न दिसू शकतो, हे त्या फोटोत नीट बघायला मिळतं.

मग सुमतीचे गुडघे गेले.

तसे ते आधीपासूनच कुरकुरत होते, पण इथे आल्यावर बोलायला लागले. आमच्या बंगल्याचा संडास परसाच्या पार टोकाला आहे. साहेबाला वासाचं वावडं असावं, किंवा पुढे कधीतरी आम्ही राहायला येऊ याची त्याला कल्पना असावी. मागच्या दारातून पायऱ्या उतरायच्या, मोहाच्या झाडाखालून जायचं, पत्रूभाऊंच्या कुंपणाच्या कडेकडेनं वळायचं आणि मग कुठे ते दार येतं. पावसाळ्यात ती वाट निसरडी होते. सुमती एका हातात काठी आणि एका हातात टमरेल घेऊन निघाली की मी मागच्या दारात उभा राहून 'सावकाश, सावकाश' म्हणत असे. याला मी मदत समजत होतो.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करावं लागेल, दिवाळीनंतर करू. पण त्यानंतर खाली बसायचं नाही आणि परसात जायचं नाही. झोपायच्या खोलीला लागून संडास-न्हाणी पाहिजे, तीही कमोडवाली. तेवढी सोय होत नसेल तर ऑपरेशन करून उपयोग नाही, पुन्हा पाय मोडून घ्याल. सुमती बाहेर येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, 'आपल्याकडे कुठलं होतंय.' मी म्हणालो, 'होतंय म्हणजे? हे काम माझं आहे.'

असं म्हणायला मला आधार होता. नोकरीभर मी नागपुरात नकाशे मंजूर करण्याच्या कचेरीत बसलो होतो. बांधकामाची परवानगी म्हणजे काय, ती कुठून निघते, कुठे अडते, सगळं मला झोपेत पाठ. घराच्या आत सोय करणं शक्य नव्हतं. आत सगळी सागाच्या फळ्यांची जमीन, तिथे पाणी सोडायची हिंमत गवंड्यानंही केली नाही. तेव्हा मागच्या बाजूला, झोपायच्या खोलीला लागून, एक नवी खोली आणि तिच्यात संडास-न्हाणी असं ठरलं. मी स्वतः नकाशा काढला. जुनं बांधकाम काळ्यात, नवं लालमध्ये, उत्तरेचा बाण सुबक. इतका देखणा नकाशा आमच्या कचेरीतही कधी आला नव्हता. तो बघून मला स्वतःलाच मंजूर करावासा वाटला.

ग्रामसभा गोटुलाजवळच्या, म्हणजे गोंडांच्या समाजघराजवळच्या मांडवात भरते. अध्यक्ष जानोबाई, सत्तरीच्या गोंड बाई, बोलायला अगदी कमी. मी नकाशा बांबूला टांगला आणि डॉक्टरांचं म्हणणं, गुडघे, कमोड, सांडपाण्याचा उतार असं सगळं समजावून सांगितलं. मग कचेरीतल्या सवयीनं म्हणालो, 'ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत.' लोक सभ्य आहेत, त्यांनी हात वर केले. पत्रूभाऊंनी केला नाही. मी मनात मोजदाद केली, नकाशाची गुंडाळी केली आणि जाहीर केलं, 'बहुमतानं मंजूर. सर्वांचे आभार.'

कोणी उठलं नाही. मी एकटाच उभा होतो, गुंडाळी काखेत मारून.

'बसा भाऊ,' जानोबाई म्हणाल्या, 'अजून झालं नाई.'

'एकच जण नाही म्हणतोय बाई.'

'हो. मंग त्याले इचारू ना, काऊन नाई म्हणून राह्यला.'

आमच्या गावात हात मोजत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. सगळे हो म्हणतील तेव्हा हो. एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या सभेला, आणि त्या एकावर कोणी रागावत नाही. त्याच्या पोटात काहीतरी असेल, ते निघेपर्यंत थांबू, असा हिशेब. ज्या कचेरीत मी आयुष्य काढलं तिथे कोणाच्या पोटात काय आहे हे विचारायचा रकानाच नव्हता.

पत्रूभाऊ उभे राहिले. घोषणेच्या आवाजात म्हणाले, 'मागच्या बाजूले बांधता येत नाई. तिथी साहेबाचा घोडा पुरला आहे. नोंद घ्या.'

घोडा मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी म्हणालो, 'या जंगलात साहेब लोक हत्तीवरून फिरायचे.'

'घोडाच होता,' पत्रूभाऊ म्हणाले. 'पण हत्तीएवढा होता.'

विषय पुढच्या सभेला गेला.

मी घरी येऊन नवा नकाशा काढला. खोली डावीकडे सरकवली. पत्रूभाऊंना चहाला बोलावून दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, 'इथी त घोड्याचं डोस्कं येते.' मी खोली उजवीकडे नेली. तिथे शेपटी आली. मी खोली लांबट केली, आखूड केली, तिरपी केली. घोडा माझ्या नकाशाच्या मागे मागे फिरत होता. मेल्यानंतर इतका धावलेला घोडा दुसरा झाला नसेल. एका दुपारी मी चिडून मोहाच्या झाडाला शिव्या घातल्या, कारण तेवढंच एक जवळपास उभं होतं आणि उलट बोलणारं नव्हतं.

गंमत म्हणजे, बंगल्याच्या पुढच्या बाजूला मी काहीही केलं तरी पत्रूभाऊंची ना नव्हती. स्कूटरसाठी पत्र्याची शेड ठोकली, छपरावर टीव्हीची छत्री लावली, व्हरांड्याच्या सागवानी खांबाला कपड्यांची दोरी बांधली. पाहुण्यांना ती दोरी दाखवून ते सांगायचे, 'साहेबही इथीच वाळू घाले.' इतिहास फक्त मागच्या बाजूला होता.

आणि दुसरी गंमत अशी, की गुडघ्यांची काळजी त्यांना माझ्याहून जास्त होती. खोलीला नाही म्हणाले, पण त्याच आठवड्यात जंगलातून बांबू आणून त्यांनी मागच्या दारापासून संडासापर्यंत वाटेच्या एका बाजूला कठडा बांधला. सुमतीच्या हाताला बरोबर येईल एवढ्या उंचीचा. हाताला कूस लागू नये म्हणून प्रत्येक बांबू तासून गुळगुळीत केलेला. मग नदीतून चपटे दगड आणून निसरड्या जागी बसवले. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, 'भाऊ, या वाटेवर पत्रे टाकून देऊ. वरून पाणी नाई. एक बलब लावू. बाईले काई तरास नाई. मंग खोली कायले पायजे?' ते इतक्या उत्साहानं बोलत होते की क्षणभर मलाही पटलं. मग डॉक्टरांचा चेहरा आठवला.

सुमती त्या कठड्याला धरून जायची आणि यायची. मी एकदा रागानं म्हणालो, 'हा माणूस तुझ्या ऑपरेशनच्या आड येतोय आणि तू त्याचा कठडा वापरतेस.' ती म्हणाली, 'कठडा चांगला झाला आहे. तुम्ही त्यांना विचारलंत का, त्यांना काय हवंय ते?' मी म्हणालो, 'रोज विचारतो.' ती म्हणाली, 'तुम्ही घोड्याबद्दल विचारता.'

मला ते बायकी बोलणं वाटलं. मी आणखी एक नकाशा काढायला बसलो.

दिवाळी जवळ आली. धान कापणीला आलं होतं. मुलगी नागपूरहून रोज फोन करायची, बाबा, तारीख पुढे ढकलायची का, डॉक्टर विचारतात. सुमती आता कठड्यापाशीसुद्धा दोनदा थांबायला लागली होती. तिनं एकदाही मला 'लवकर करा' म्हटलं नाही, आणि त्यामुळेच मला झोप येत नव्हती. परवानग्यांमधला तज्ज्ञ म्हणून जन्मभर मिरवलो आणि स्वतःच्या बायकोसाठी एक संडास मंजूर करून घेता येईना.

पुढच्या सभेला सुमतीही आली. तिच्यासाठी कोणीतरी शाळेतून खुर्ची आणली, बाकी सगळे खाली. मी बोललो, पत्रूभाऊ बोलले, घोडा आला. मग मागून लालसू नावाचा एक तरणा शेतकरी म्हणाला, 'एवढं बोलाचं काम नाई. खोदून पाहू. घोडा निघाला त दुसरीकडं बांधू. नाई निघाला त इथीच बांधू.'

सगळ्यांना ते फार पटलं. लोक खरोखरच उठायला लागले. कोणी सब्बल आणायला निघालं, कोणी फावडं. मी पत्रूभाऊंकडे बघितलं. विजयाचं हसू माझ्या तोंडावर आलं होतं, ते तसंच अर्धवट राहिलं. त्यांचा चेहरा अगदी उतरला होता.

'खोदू नोका,' ते म्हणाले. आवाज स्टँडवरचा नव्हता. शेजारी बसलेल्यालाच ऐकू जाईल असा होता. 'घोडा नाई तिथी.'

लोक पुन्हा बसले. जानोबाईंनी विचारलं, 'मंग काय आहे तिथी?'

पत्रूभाऊ पायाजवळची माती चाचपू लागले. 

'काई नाई,' ते शेवटी म्हणाले. 'वाट आहे.'

'कोणाची वाट?'

'बाईची.'

त्यांनी सुमतीकडे बघितलं नाही. जानोबाईंकडे बघून बोलत होते. 'बाई त्या वाटेनं जाते. माह्या कुंपणापाशी थांबते दम घ्याले. मले विचारते, पत्रूभाऊ, जेवले का म्हून. मी म्हणतो, हो बाई. मंग जाते. येतानी पुन्हा थांबते. एवढंच आहे.' मग म्हणाले, 'दिवसभर मीच बोलतो. येईन त्याले सांगतो, साहेब, वाघ, खांब. सगळे ऐकतात. मले कोणी काई विचारत नाई. खोली घरातल्या घरात झाली का बाई काऊन निघन बाहेर?'

मांडवात कोणी हसलं नाही. मलाच एकदम फार वाईट वाटलं. इतके नकाशे काढले, पण त्यात ती वाट मी कुठेच दाखवली नव्हती. भिंती दाखवल्या, नाली दाखवली, उत्तर दिशा दाखवली. माझ्या बायकोच्या आणि एका माणसाच्या दोन वाक्यांना कुठला रंग द्यायचा हे आमच्या कचेरीत शिकवलं नव्हतं.

कोणी काही म्हणायच्या आधी पत्रूभाऊच पुन्हा बोलले. 'पण बाईचे गुडघे दुखतात. मी पाहतो ना रोज. मी हो म्हणतो. बांधा.'

जानोबाईंनी मान हलवली, पण विषय संपवला नाही. सुमतीकडे वळून विचारलं, 'बाई, तुमचं काय?'

सुमतीचे डोळे भरले होते. ती म्हणाली, 'खोलीला पत्रूभाऊंच्या बाजूनं खिडकी ठेवायची. मोठी. माझी खाट खिडकीशी.'

मग सगळे हो म्हणाले. बायका, पुरुष, लालसू. मागून एका म्हाताऱ्यानं गोंडीत 'इंगो' म्हणून आपलंही हो जोडलं. ठरावात खोली आली, संडास आला, आणि खिडकीही आली. ग्रामसभेनं खिडकीची अट घातलेली परवानगी मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो, आणि ती मला मिळालेली सगळ्यात रीतसर परवानगी होती.

काम सुरू झालं. सुमतीला मुलगी नागपूरला घेऊन गेली, ऑपरेशन नीट पार पडलं. चालायला शिकेपर्यंत ती मुलीकडेच राहणार होती, आणि मी इथे देखरेखीला. देखरेख म्हणजे गवंड्याच्या मागे उभं राहून तो जे करणारच आहे ते त्याला करायला सांगणं. खिडकीची चौकट बसली. त्या दिवसापासून रोज दुपारी, गवंडी आणि मजूर जेवायला गेले की पत्रूभाऊ कुंपणाच्या अलीकडे येऊन त्या चौकटीपाशी उभे राहायला लागले. गिलाव्यावरून हात फिरवायचे, थोडा वेळ थांबायचे, जायचे. मला वाटलं, बांधकामावर लक्ष ठेवून आहेत.

एका संध्याकाळी फोनवर सुमतीनं विचारलं, 'पत्रूभाऊंना विचारता ना रोज?'

'काय विचारू?'

ती काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ मला इतक्या वर्षांत तरी कळतो. तुम्हाला सगळं सांगावं लागतं, असा तो असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रूभाऊ चौकटीपाशी आले. मी आत सिमेंटच्या पोत्यावर बसलो होतो. घसा साफ केला. जन्मभर लोकांना 'काय काम आहे' असं विचारलेल्या माणसाला दुसरा प्रश्न विचारणं सोपं नसतं. माझा आवाज अगदी खिडकीवरच्या कारकुनासारखा निघाला. 'पत्रूभाऊ, जेवले का?'

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

'नाई,' ते म्हणाले.

याची माझी तयारी नव्हती. या प्रश्नाला हो म्हणतात, मग दोघंही आपापल्या कामाला लागतात, अशी माझी समजूत होती. मी पोत्यावरून उठलो आणि म्हणालो, 'या मग.'

मला खिचडीच येते, आणि तीही खालून लागते. दोन ताटल्या घेऊन मी नव्या खोलीत आलो. फरशी बसायची होती, म्हणून आम्ही पोत्यांवर बसलो. पत्रूभाऊ खाली मान घालून जेवत होते. सकाळपासून पोटात काही नसावं, असं जेवत होते.

'काल काय केलं होतं?' मी विचारलं.

'काल काई नाई केलं. एकट्यासाठी कोण चूल पेटवते रोज. कधी करतो, कधी मुरमुरे खातो.'

'पण सुमती रोज विचारायची तर तुम्ही हो म्हणायचात.'

'हो.'

'काऊन?' माझ्याही तोंडून आपोआप तेच निघालं.

पत्रूभाऊंनी घास हातातच ठेवला. एवढं साधं मला कळू नये याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

'नाई म्हटलं असतं त बाई ताट घेऊन आली असती,' ते म्हणाले. 'त्या गुडघ्यानं. एवढ्या चिखलातून.' मग माझ्या पायांकडे बघून म्हणाले, 'तुमचे त धड आहेत.'

मी उठलो, भांडं घेऊन आलो आणि त्यांना वरची मऊ खिचडी वाढली. खालची लागलेली मी घेतली. ते नको म्हणाले नाहीत.